चिल्लर आहे का?

पांढरकवड्याहून झरीकडे निघालेल्या साध्या गाडीत बाजाराच्या दिवशी वाहकाला पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वाटेत पिशव्या, बियाण्याची थैली, पाय बांधलेली कोंबडी. एका हाताने दांडा धरून बाई उभी असते, कडेवर लेकरू. तशातच तिला पदराची गाठ सोडून पैसे काढायचे असतात. नोट पुढच्या दोघातिघांच्या हातून वाहकापर्यंत जाते आणि तिकडून प्रश्न येतो, ‘चिल्लर आहे का?’ नसते. वाहकाच्या पिशवीतही नसते, कारण सकाळपासून जो तो त्याला नोटच देतो आहे. मग तो तिकिटाच्या पाठीवर उरलेले रुपये पेनाने लिहितो आणि उतरताना घ्या म्हणतो. उतरताना गर्दी असते, मागून ‘चला, चला’ चाललेलं असतं आणि सहा-सात रुपये गाडीतच राहून जातात. वाहकाने लबाडी केलेली नसते, बाईही वेंधळी नसते. पैसे घेण्याची रीतच अशी आहे की दोघांपैकी एक जण नाराज होणारच.

नेमक्या याच अडचणीवरचा एक तोडगा फार लांब, बर्फाच्या डोंगरांवर निघाला. आल्प्समध्ये स्कीइंग करणाऱ्यांना माथ्यावर नेणारे पाळणे असतात. माणूस वर जातो, घसरत खाली येतो, पुन्हा रांगेत उभा राहतो. दिवसातून कितीतरी वेळा. हातात जाड मोजे, दोन्ही मुठींत काठ्या, पायांना लांब पट्ट्या. दर वेळी मोजा काढून तिकीट दाखवायचं म्हणजे बोटं गारठणार आणि मागची रांग खोळंबणार. पूर्वी कागदी तिकीट कोटाला तारेने अडकवत, फाटकावरचा माणूस ते बघून किंवा टोचून आत सोडत असे. १९७७ मध्ये ऑस्ट्रियात सुरू झालेल्या स्कीडाटासारख्या कंपन्यांनी ते काम हळूहळू यंत्राकडे दिलं. आता कार्ड कोटाच्या खिशात असतं, माणूस फाटकाशी आला की ते खिशातच वाचलं जातं आणि आडवी दांडी बाजूला होते. बर्फावरचा माणूस हौसेने आलेला आहे, आपली बाई बाजार करून घरी निघाली आहे. तरी दोघांची गरज एकच आहे: हात मोकळे नसताना, मागच्यांना न खोळंबवता, आपला प्रवासाचा हक्क दाखवता यावा.

असं कार्ड उकललं तर आत फारसं काही सापडत नाही. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये कडेकडेने बारीक तारेचे काही वेढे आणि त्यांची टोकं जिथे मिळतात तिथे तिळाएवढी चिप. बॅटरी नाही. वाचणाऱ्या यंत्राभोवती १३.५६ मेगाहर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र असतं. कार्ड त्यात आलं की वेढ्यांत किंचित वीज तयार होते आणि तेवढ्यावर चिप जागी होते. चांगल्या कार्डांत पुढची गोष्ट अशी घडते: यंत्र चिपला एक आकडा देतं, ती तो आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने बदलून परत पाठवते, उत्तर जुळलं तर कार्ड खरं. हा सगळा व्यवहार एका सेकंदाच्या आत उरकतो. स्कीच्या फाटकावरची कार्डं हातभर अंतरावरून वाचली जातील अशा जातीची असतात, तर बँकेची आणि मेट्रोची कार्डं यंत्राला जवळजवळ टेकवावी लागतात. याच कुळातली तिसरी जात आपल्या जिल्ह्यात रोज दिसते. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर केळापूरच्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो तो असाच, फक्त वेगळ्या लहरींवर आणि काही मीटरांवरून. म्हणजे हे तंत्र यवतमाळला परकं राहिलेलं नाही. चारचाकीवाल्यासाठी ते आलं आहे. प्रश्न आहे तो लालपरीतल्या माणसाचा.

माझं म्हणणं असं आहे की यवतमाळसारख्या जिल्ह्यात एसटीने टेकवण्याच्या कार्डावर भर द्यावा, मोबाइलच्या क्यूआरवर नव्हे. आणि ते कार्ड सगळ्यांत आधी पासवर जाणाऱ्या शाळकरी मुलामुलींच्या हाती द्यावं. कार्ड घेण्याची सक्ती मात्र कोणावरही नसावी. या तीन गोष्टी एकमेकींना धरून आहेत आणि त्यातली एक काढली की बाकीच्या दोन लंगड्या पडतात.

आधी मोबाइलबद्दल, कारण पहिला आक्षेप तिथूनच येतो. आज पानटपरीवरसुद्धा क्यूआर लावलेला आहे, एसटीच्या नव्या अँड्रॉइड तिकीट यंत्रावरही यूपीआयने पैसे देता येतात, मग वेगळं कार्ड हवं कशाला? यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि त्याने चिल्लरचा प्रश्न पुष्कळ अंशी सोडवला, हे खरंच आहे. पण पानटपरी एका जागी उभी असते आणि एसटी धावत असते. गाडीत यूपीआयचा व्यवहार पुरा व्हायला प्रवाशाच्या फोनला रेंज हवी, वाहकाच्या यंत्राला रेंज हवी आणि दोन्हीकडच्या बँकांची यंत्रणा त्या क्षणी चालू हवी. घाटंजी, मारेगाव, झरी जामणी या भागात टेकड्या आणि जंगल आहे. दोन टप्प्यांच्या मध्ये रेंज जाते आणि पैसे कापले गेले की नाही याचा वाद सुरू होतो. वाहकाला पुढची पंधरा तिकिटं फाडायची असतात आणि तो त्या गोल फिरणाऱ्या खुणेकडे बघत उभा असतो. शिवाय यूपीआय फोनवर चालतं आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन बहुधा कर्त्या पुरुषाच्या किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या खिशात असतो. बाजाराला निघालेल्या बाईकडे, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याकडे तो नसतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार आणि त्यातले पाचांतले जवळपास चार जण खेड्यांत राहणारे. फोनवर उभी केलेली तिकीटव्यवस्था त्यांतल्या नेमक्या कोणाला वगळते, हे डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

कार्डाचं वेगळेपण इथे आहे. भरलेली रक्कम कार्डातल्या चिपवरच नोंदवलेली असते. यंत्र ती वाचतं, भाडं वजा करतं, उरलेली रक्कम चिपवर लिहितं. त्या क्षणी बँकेला विचारण्याची गरज पडत नाही. हिशोब संध्याकाळी आगारात गेल्यावर जुळवता येतो. हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड १९९७ पासून याच तत्त्वावर चालत आलं आहे. आपल्याकडे राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्ड ४ मार्च २०१९ ला सुरू झालं ते याच विचाराने: एकाच कार्डावर मेट्रो, बस, टोल, आणि छोटी रक्कम नेटविना वापरण्याची सोय. नागपुरात मेट्रोने फिरणारा यवतमाळकर तिथलं महाकार्ड बघतो, पुण्या-मुंबईला शिकणारी मुलं अशी कार्डं वापरतात. बँकेत खातं आणि कागदपत्रं लागतील ही भीतीसुद्धा आता पूर्वीइतकी खरी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सार्वजनिक वाहतुकीपुरतं वापरायचं प्रीपेड कार्ड ओळखपत्रांच्या पडताळणीविना द्यायला मुभा दिली. त्यात एका वेळी ३,००० रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते. गाडीभाड्याला तेवढी पुष्कळ झाली.

चिल्लरचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण त्याने आजवर दर ठरवले आहेत. २०१८ च्या भाडेवाढीत एसटीने तिकिटं पाच रुपयांच्या पटीत आणली, कारण सुट्ट्या रुपयांवरून होणारी भांडणं. सात रुपयांचे पाच झाले, आठाचे दहा. म्हणजे भाडं अंतरावर ठरण्याऐवजी नाण्यावर ठरू लागलं. पुढे मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत महिलांना अर्धं तिकीट मिळालं, त्याआधीपासून ६५ वर्षांवरच्यांना अर्धं होतंच, आणि जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. सहा किलोमीटरच्या टप्प्याने चालणाऱ्या दराला अशी टक्केवारी लावली आणि मग त्याचं अर्धं केलं की सुटा रुपया पुन्हा डोकं वर काढणारच. कार्डावरून सत्तावीस रुपये कापायचे असोत की तेरा, यंत्राला दोन्ही सारखेच. सवलत ज्यांच्यासाठी आहे त्यांचेच दोन-चार रुपये चिल्लरपायी जात असतील, तर ती सवलत तेवढी अपुरीच मिळाली.

तरीही, चिल्लर हा या कार्डाचा दुय्यम फायदा आहे. मोठा फायदा मोजणीचा, आणि तो स्कीच्या डोंगरावर फार स्पष्ट दिसतो. इटलीत १९७४ मध्ये डोलोमिटी सुपरस्की नावाने एक सामायिक पास सुरू झाला. आज त्यात १२ खोऱ्यांतल्या, वेगवेगळ्या मालकांच्या शेकडो पाळण्यांवर एकच पास चालतो. प्रवाशाने पैसे एकदाच दिलेले असतात, मग ते एवढ्या मालकांत वाटायचे कसे? कोणता पाळणा किती वेळा वापरला गेला याच्या नोंदीवरून. फाटकावर पडणारी प्रत्येक नोंद हिशोबाचा पुरावा असते. प्रवासी त्या फाटकावर एक पैसाही देत नसला, तरी त्याचं जाणं मोजलं जातं.

आता हेच आपल्या गाडीत बघा. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा ते भरतात, तोही आगारात, महिन्यातून एकदा. सकाळच्या फेरीला गावोगावहून या मुली चढतात, गाडी दारापर्यंत भरते, वाहक प्रत्येकीच्या पासकडे नजर टाकतो आणि पुढे सरकतो. त्या दिवशी कोण कुठे चढलं आणि कुठे उतरलं याची नोंद कागदी पासातून आपोआप होत नाही. त्या फेरीचं वेबिल, म्हणजे वाहकाचा हिशोबाचा कागद, हाती घेतलं तर त्यात दहा-बारा तिकिटं दिसतात. उभ्याने गेलेल्या पन्नास मुली त्यात कुठेच नाहीत. फेरीचं उत्पन्न कमी म्हणून तिच्याकडे बघितलं जातं, आणि गाड्या कमी पडल्या की कमी उत्पन्नाची फेरीच आधी रद्द होते. सातवीआठवीनंतर मुलीची शाळा सुटते त्याला पुष्कळ कारणं असतात, पण ‘गाडी बंद झाली’ हे त्यातलं फार साधं आणि फार वेळा ऐकू येणारं कारण आहे. मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या गाड्या दिल्या गेल्या त्या हे कारण ओळखूनच. पास यंत्राला टेकवला गेला तर त्या पन्नास जणी वेबिलात येतील. कुठल्या फाट्यावर किती मुली रोज उभ्या राहतात, कुठल्या फेरीत जागाच उरत नाही, हे आगारप्रमुखाला कोणी अर्ज न करता दिसेल. सवलतीपोटी शासनाने महामंडळाला जी रक्कम द्यायची असते तिच्यासाठीही हाच पुरावा उपयोगी पडेल. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि त्यांना शून्य रुपयांचं का होईना, तिकीट दिलं जातं. म्हणून ते मोजले जातात. मुलीही मोजल्या जाव्यात.

यावर जाणती माणसं लगेच विचारतील की हा प्रयोग झालेला नाही का? झाला. एसटीने २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिक आणि इतर सवलतधारकांसाठी स्मार्ट कार्ड आणलं. नोंदणीची मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली, मध्ये कोरोना आला, आणि प्रत्यक्षात आधार कार्ड दाखवून प्रवास चालूच राहिला. यातून काही जण असा निष्कर्ष काढतात की खेड्यातल्या माणसाला कार्ड झेपत नाही. मला तो पटत नाही. ज्या माणसाला आधार दाखवून सवलत मिळतेच आहे, त्याने आणखी एका कार्डासाठी काम बुडवून तालुक्याला का जावं? कार्डाने त्याचं काहीच सोपं केलं नव्हतं. सोपं झालं असतं ते कचेरीचं. विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना पास काढावाच लागतो, दर महिन्याला नूतनीकरण करावं लागतं, मुख्याध्यापकांचा शिक्का लागतो, खिडकीवर रांग लागते. गेल्या काही वर्षांत महामंडळाने शाळेतच पास पोचवायला सुरुवात केली, हे फार चांगलं झालं. त्याच वाटेने एकदा कार्ड शाळेत पोचवलं आणि पुढची नूतनीकरणं शाळेच्या यादीवरून गाडीतल्या यंत्रावरच होऊ लागली, तर मुलांच्या आणि शिक्षकांच्या डोक्यावरचं ओझं खरोखर उतरेल. कार्डाची सुरुवात त्यांच्यापासून करायची ती यासाठी. मुलगी कार्ड टेकवते हे आजीने चार दिवस पाहिलं, की आजी स्वतःच विचारेल.

सक्ती नको असं मी म्हणतो त्याचं कारण फास्टॅगच्या अनुभवात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो सगळ्या राष्ट्रीय महामार्गांवर अनिवार्य झाला आणि तो नसेल तर दुप्पट टोल बसू लागला. नाक्यावरच्या रांगा त्याने कमी केल्या. पण तिथे दंड भरणारा माणूस गाडीचा मालक होता. त्याच्याकडे बँक खातं होतं, फोन होता, तक्रार करायला वेळ होता. कोलामपोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, निघालेल्या बाईला ‘कार्ड नाही म्हणून सवलत नाही’ असं सांगितलं, तर तिच्याकडे यातलं काहीच नाही. महिला सन्मान योजनेचं मोठेपण असं की तीत कागदच लागत नाही; बाई गाडीत चढली, अर्धं तिकीट मिळालं. एवढी निर्मळ सवलत आपल्याकडे विरळाच. तिच्यावर कार्डाची अट घालू नये. रोख पैसे घेणारा वाहक आणि कार्ड वाचणारं यंत्र एकाच गाडीत सुखाने नांदू शकतात, कारण ते यंत्र वाहकाच्याच हातात आहे. इथे एसटी बर्फावरच्या फाटकापेक्षा पुढे आहे. फाटकाला समजूत नसते. कार्ड घरी विसरलेल्या पोरीला ओळखून ‘बस, उद्या आण’ म्हणणारा माणूस ज्या व्यवस्थेत आहे, ती व्यवस्था मोडून फाटक बसवण्यात शहाणपण नाही. वाहकाची नोकरी जाईल ही भीतीही मला याचसाठी अनाठायी वाटते: आडरस्त्यावर हात दाखवला की थांबणाऱ्या गाडीला फाटक बसवताच येत नाही.

कार्डाची नक्कल होईल का? होऊ शकते, झालेली आहे. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभर वापरात असलेल्या मायफेअर क्लासिक चिपची गुप्त रचना उलगडली. लंडनचं ऑयस्टर कार्ड तेव्हा त्याच चिपवर होतं. तेव्हापासून जास्त भक्कम किल्ल्यांच्या चिपा आल्या आणि बँकेच्या जातीची कार्डं त्याच वापरतात. स्वस्त पडते म्हणून जुनी चिप घेऊ नये, एवढं खरेदीच्या कागदावर लिहून ठेवलं पाहिजे. कार्ड हरवलं तर त्यातली रक्कम गेली असं समजावं, पन्नासाची नोट पडल्यासारखं; पण पासचा हक्क आगाराच्या नोंदीत असतो, तो नव्या कार्डावर परत मिळालाच पाहिजे.

मला सगळ्यांत गंभीर वाटतो तो आक्षेप दुसराच. चौदा वर्षांची मुलगी रोज किती वाजता कुठल्या फाट्यावर एकटी चढते, ही माहिती यंत्रात साठू लागते. मोजणीचा जो फायदा मी वर सांगितला, त्याचीच ही दुसरी बाजू. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढण्यावर बंधन आहे, पण कायद्यावर विसंबून न राहता यंत्रणाच तशी बांधता येते. फेरी आखायला मुलीचं नाव लागत नाही. वडकीच्या थांब्यावरून सकाळी किती जण चढले एवढा आकडा पुरतो. म्हणून गाडीतल्या यंत्रात नाव नसावं, नाव आणि कार्डाचा क्रमांक यांची जोडी फक्त पास देणाऱ्या ठिकाणी असावी, आणि रोजच्या नोंदी महिन्याभरात बेरजेत मिसळून मूळ पुसल्या जाव्यात. हे ठेका देतानाच ठरवावं लागतं. ठेकेदाराच्या संगणकात माहिती जमल्यावर ती पुसायला लावणं फार अवघड.

राहिला तो शेवटचा आणि रास्त प्रश्न: आधी गाड्या द्या, मग कार्डं द्या. पुसद, उमरखेड, दारव्हा, दिग्रस, वणी, कुठल्याही आगारात हे ऐकायला मिळेल. काचा खिळखिळ्या, पावसात टप गळतो, मुक्कामी गाडी कधी येते कधी येत नाही. कार्डाने गाडी येत नाही, हे मान्यच करावं लागेल, आणि कार्डाचा खर्च गाड्यांच्या पैशातून होणार असेल तर मीही गाडीच मागेन. पण फेरी बंद झाली म्हणून सरपंच निवेदन घेऊन आगारात जातात, तेव्हा त्यांच्या हातात काय असतं? सह्यांचा कागद. समोर वेबिलातलं उत्पन्न असतं. त्या टेबलावर सरपंचांच्या बाजूने ठेवता येईल असा आकडा आज कोणाजवळ नाही.

एक गोष्ट मात्र कार्ड टेकवल्यावरही चालू ठेवावी: यंत्रातून निघणारं कागदाचं तिकीट. वाटेत तपासणी पथक चढलं तर ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याकडे फोन नाही, त्याला दाखवायला काहीतरी हातात हवं. त्या चिठ्ठीवर आता भाड्याखाली कार्डात उरलेली रक्कमही छापलेली असेल. पाठीवर पेनाने काही लिहायची गरज उरणार नाही. घरी गेल्यावर ती चिठ्ठी नातवाकडून वाचून घेता येईल.